पाच फूट तीन इंच

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. कारण उघड आहे. तुमच्या हयातीत माझा एकही कागद तुमच्या लाल पेनातून सुखरूप सुटला नव्हता, आणि मेल्यावर माणूस मवाळ होतो याला मला तरी शास्त्राधार सापडलेला नाही. पण गेल्या मंगळवारी आमच्या बोरिवलीच्या घरी एक मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. पन्नाशीच्या आसपासच्या बायकांच्या तब्येतीचा अभ्यास चाललाय म्हणाली, वीस मिनिटं लागतील. त्या वीस मिनिटांत मी तिला किती वेळा ‘नाही’ म्हटलं ते मोजलं नाही, पण त्यातले बहुतेक ‘नाही’ खोटे होते. मी, बाई. जिने पंचवीस वर्षांपूर्वी हेच प्रश्न तुमच्यासाठी मराठीत आणले, ती. आणि हे चाललेलं असताना माझ्या पर्समध्ये कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने लिहिलेला राजीनामा होता, फक्त सही राहिलेला. तो द्यावा की देऊ नये, ते काही ठरत नाहीये. तुम्ही असतात तर मुलुंडला येऊन विचारलं असतं. नाही आहात, म्हणून लिहितेय.

तुमच्याकडे मी नोकरीसाठी आले नव्हते, नोकरी मिळेपर्यंत आले होते. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला तेव्हा दोनच गोष्टी मिळत होत्या, स्थळं आणि सल्ले. तुमच्या मुलुंडच्या दवाखान्यात पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांचा सर्व्हे सुरू होतोय, प्रश्नांचं मराठी करायला कोणीतरी हवंय, असं आईच्या शाळेतून कळलं. तुम्ही मला दोन मिनिटं न्याहाळलंत आणि म्हणालात, “संस्कृत आलंय म्हणजे पाठांतर चांगलं असेल. अक्कल आपण इथे घालू.” मी तीन दिवस खपून प्रश्नावली आणली. ‘अकस्मात् ऊष्म्याची अनुभूती होते काय?’ ‘निद्राभंग वारंवार होतो काय?’ मला वाटलं होतं, तुम्ही भारावून जाल. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून पहिलं पान मोठ्याने वाचलंत आणि दवाखान्यातल्या आयाबाईंना हाक मारलीत. “इकडे या हो जरा. तुम्हाला ऊष्म्याची अनुभूती होते का?” त्या घाबरून म्हणाल्या, “नाही मॅडम, मी सुट्टी घेणार नाहीये.” तुम्ही कागद माझ्यासमोर सरकवलात. “आपल्याला घाटकोपरच्या टेकडीवर जायचंय गं. इंद्राच्या दरबारात नाही. जा, आधी बायकांकडून शब्द घेऊन ये, मग माझ्याकडे ये.”

तर मी शब्द गोळा करत हिंडले. अंगातून वाफा निघतात. कानशिलं तापतात. कुणीतरी आतून शेगडी पेटवल्यासारखं होतं. हे सगळं मला सांगणाऱ्या बायका फॉर्म बाहेर काढला की मात्र एकदम ठणठणीत होत. त्रास? छे, कसला त्रास. तुम्हाला हे माहीत होतं, आणि म्हणूनच तुमची ती पद्धत होती, जी मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. घरात गेलं की आधी चहा. चहा संपेपर्यंत फॉर्म पिशवीतून काढायचा नाही. मग वजन, ते सगळ्यांच्या देखत बाहेरच्या खोलीत. सासू, जाऊ, शेजारीण कुणालाही हौस असेल तर त्यांचंही करायचं. आणि मग म्हणायचं, “आता उंची. त्याला सरळ भिंत लागते, स्वयंपाकघरात चला.” उंची स्वयंपाकघरातच का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. भिंती बाहेरही सरळच होत्या. तुम्ही म्हणालात, “स्वयंपाकघरात नवरा येत नाही. सासू बाहेर वजनात अडकलेली असते. बाईची मान भिंतीला टेकलेली, तोंड तुझ्याकडे, आणि डोक्यावर काहीतरी जड. माणूस अशा वेळी खोटं बोलत नाही.” डोक्यावर ठेवायला काहीतरी सपाट आणि जड लागायचं, माझ्या पिशवीत माझा संस्कृत कोश असे. तोच आडवा धरून डोक्यावर टेकवायचा, खाली पेन्सिलीची खूण करायची आणि टेपने मोजायचं. “अखेर तुझ्या विद्येचा लोकांना उपयोग झाला,” असं तुम्ही किमान दहा वेळा म्हणालात, आणि दरवेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं हसलात.

टेकडीवरच्या त्या मालवणी मावशी तुम्हाला आठवत असतील. मिल बंद पडल्यापासून नवरा घरी बसलेला, आणि या सकाळी तीस डबे करून ऑफिसांत पाठवणाऱ्या. बाहेरच्या खोलीत त्या म्हणाल्या, “माका काय्येक होना नाय गो. देवाच्या दयेन सगळा बरा आसा.” मी फॉर्मवर ‘नाही’ लिहिणार तेवढ्यात तुम्ही मला कोपर मारलंत. पडद्यापलीकडे ओट्याशी कोश डोक्यावर ठेवल्याबरोबर त्या माऊली हळूच म्हणाल्या, “आंगात नुसती आग सुटता. चपाती लाटतंय नि घाम टपटपता. घो म्हणता, गॅसची धग लागता. मग गॅस बंद केल्यार पण लागता ती?” आणि मग खरी गोष्ट: दोनदा डब्यांत मीठच घालायचं विसरल्या होत्या, एका ऑफिसने डबा बंद केला होता, आणि आपल्याला वेड लागणार अशी त्यांची खात्री पटली होती. तुम्ही त्यांचे हात हातात घेतलेत वगैरे काही नाही. तुम्ही फक्त म्हणालात, “वेड नाही हो. अंगात एक रसायन कमी होतंय, ते होताना डोकं असं करतं. माझ्या आजवरच्या बायकांत तुमचं मीठ पहिलं नाही.” त्यांनी कोश डोक्यावरून काढून माझ्या हातात दिला आणि तुमच्याकडे अशा पाहत राहिल्या की मला बाहेर जाऊन वजनकाटा आवरावासा वाटला.

आता माझ्या पहिल्या चुकीकडे येते. सर्व्हे सुरू होण्याआधी तुमचा नियम होता की प्रत्येकीने सरावाचा पहिला फॉर्म आपल्या घरातल्या बाईचा भरायचा. “घरात विचारता आलं नाही तर बाहेर कुठल्या तोंडाने विचारणार?” माझी आई तेव्हा बावन्न वर्षांची होती, अंधेरीच्या एका शाळेत गणित शिकवायची. मला तिच्याबद्दल सगळं माहीत होतं. म्हणून मी तिला विचारलंच नाही. रविवारी दुपारी ती झोपली असताना टेबलावर बसून मी तिचा फॉर्म भरून टाकला. वाफा? नाही. झोप? चांगली. विसराळूपणा? गणिताच्या बाईंना कसला विसराळूपणा! उंचीच्या रकान्याशी अडले, पण त्यावरही उपाय होता. त्या दिवसांत माझ्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं आणि टिपणांच्या फायलीत आईचं स्वतःचं जुनं टिपणही जपून ठेवलेलं होतं. गोत्र, नाडी, गृहकृत्यदक्ष, उंची पाच फूट दोन. लिहिलं.

तुम्ही तो फॉर्म एका नजरेत वाचलात. “ही उंची कशावरून?” मी अभिमानाने सांगितलं, लेखी पुराव्यावरून. “कुठला पुरावा?” मी सांगितलं. मला वाटलं तुम्ही हसाल, कारण हसण्यासारखंच होतं. तुम्ही हसला नाहीत. “टिपणात प्रत्येक मुलगी दोन इंच उंच असते,” तुम्ही म्हणालात. “बावन्न वर्षांच्या बाईची उंची आपण का मोजतो ते कळलंय का तुला? हाडं झिजली की माणूस खुजा होतो. आणि तू मला हिच्या लग्नाची उंची आणून देतेस. अंदाज घरी ठेवायचा, फॉर्मवर उत्तर आणायचं. हे उत्तर नाही. हे तुझं आईबद्दलचं मत आहे.” फॉर्मच्या मधोमध तुम्ही एकच लाल रेघ मारलीत. बाई, मला त्यानंतर विद्वानांनी भर सभेत खोडून काढलेलं आहे, पण ती रेघ अजून दुखते.

संध्याकाळी आईला म्हटलं, चल, तुझी उंची मोजायचीय. “आत्ता? कुकर लावायचाय.” म्हटलं, कुकरच्या शेजारीच मोजते. तिला दाराच्या चौकटीला उभं केलं, कोश डोक्यावर ठेवला आणि खूण करता करता, आवाज शक्य तितका साधा ठेवून, विचारलं. अंगातून वाफा येतात का गं? आईने फ्रिजकडे पाहिलं. मग म्हणाली, “चार वर्षं झाली. मी फ्रिज उघडून कोथिंबीर शोधत उभी असते ना, ती कोथिंबीर नसते.” आमच्या घरात त्या कोथिंबिरीवरून विनोद व्हायचे, बाई. आई आणि तिची न सापडणारी कोथिंबीर. सगळ्यांत जास्त विनोद मीच करत असे. मग ती म्हणाली, परवा आठवीच्या वर्गात सतराचा पाढा म्हणताना मध्येच अडकले. मुलं हसली नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. राजीनामा लिहून ठेवलाय, पोह्यांच्या डब्याखाली आहे, या महिन्यात देणार. मी म्हटलं, अगं, मला सांगायचंस तरी! ती म्हणाली, “तू कधी विचारलंस?” कोश अजून तिच्या डोक्यावरच होता. आणि उंची पाच फूट अर्धा इंच भरली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला बोलावलंत. तुम्ही तिला लगेच गोळी लिहून दिली नाहीत, हे मला तेव्हा आवडलं नव्हतं. रक्त तपासलंत, थायरॉईड पाहिलंत, रक्तदाब पाहिलात, तिच्या आईला आणि मावश्यांना काय काय झालं होतं ते तासभर विचारलंत. उंचीबद्दल तिने घाबरून विचारलं तेव्हा म्हणालात, “दीड इंच कमी आहे खरी. पण त्यात टिपणातलं खोटं किती आणि हाडातलं खरं किती, ते मी सांगू शकत नाही. आधीचं माप कुठाय?” आणि मग हात पुढे केलात. “तो राजीनामा आणलाय ना? द्या इकडे. माझ्या खणात राहील. तीन महिन्यांनी या, तेव्हाही द्यावासा वाटला तर मी स्वतः पोस्टात टाकेन.” आईने आयुष्यात कुणाला उसना कंपास दिला नव्हता, तिने मुकाट्याने तो कागद तुम्हाला दिला. पुढे हॉर्मोनची कमी मात्रेची गोळी सुरू झाली, झोप परतली, झोपेमागून हळूहळू पाढेही परतले. तीन महिन्यांनी तुम्ही खण उघडलात. आई म्हणाली, “फाडा.” तुम्ही म्हणालात, “माझा कागद नाही. तुमचा तुम्ही फाडा.” ती अठ्ठावन्नपर्यंत शिकवत राहिली.

मला कधीकधी वाटतं, तुमचा मोठेपणा त्या गोळीत नव्हताच. दीडेक वर्षाने परदेशातून बातमी आली की त्यांनी कॅन्सरचा धोका वाढतो, आणि सगळ्यांनाच हॉर्मोनच्या गोळ्यांची धडकी भरली. मोठमोठ्या डॉक्टरांनी सरसकट बंद केल्या. तुम्ही तो मूळ निबंध मागवून चार दिवस पेन्सिल घेऊन बसलात. “यांनी कुणाला तपासलं? किती वयाच्या? पाळी थांबून किती वर्षं झाल्यावर सुरू केली?” मग एकेका बाईला बोलावून धोका काय, फायदा काय, हे तिला कळेल अशा भाषेत सांगितलंत. ज्यांच्या घरात स्तनाचा कॅन्सर होता त्यांच्या गोळ्या तुम्ही कुणी न सांगता थांबवल्यात, आणि बाकीच्यांना म्हणालात, “भीतीसुद्धा मोजून घ्यावी.” आता वय आणि वेळ यांचं महत्त्व परिषदांमधून सगळे सांगतात, स्वतःला सुचल्यासारखे. तेव्हा मात्र तुमच्या अभ्यासाला कुणी विचारत नव्हतं. “यात कुणी मरत नाही ना,” तुम्ही म्हणायचात, “मेल्या असत्या तर मला केबिन मिळाली असती.” शेवटी तुमचा निबंध एका लहानशा नियतकालिकात आला. आभारांच्या यादीत माझं नाव शेवटून दुसरं होतं, वजनकाटा देणाऱ्या दुकानाच्या आधी. मला त्या क्रमाबद्दल तक्रार नाही. काट्याने कधी अंदाजाने आकडा दिला नव्हता.

तुम्ही गेल्यावर तुमचा खण आवरायला आयाबाईंनी मलाच बोलावलं. त्यात पाच राजीनामे निघाले. एक टेलिफोन ऑपरेटरचा, एक बालवाडीच्या ताईंचा, दोन नर्सेसचे. ज्यांनी ते परत मागितलेच नव्हते अशांचे. पाचवा सगळ्यांच्या तळाशी होता, पिवळा पडलेला, एका मोठ्या रुग्णालयाच्या नावाने, तुमच्या अक्षरात. ‘प्रकृतीच्या कारणास्तव.’ खाली सही नव्हती. वरची तारीख पाहून मी तुमचं वय काढलं. एकोणपन्नास. त्या दिवसापर्यंत माझी समजूत होती की तुम्हाला हे सगळं पुस्तकांतून कळलं होतं. मी तुम्हालाही कधी विचारलं नव्हतं, बाई. तुमच्या हाताखाली सहा वर्षं काढून, हेच प्रश्न शेकडो बायकांना विचारून, तुम्हाला एकदाही नाही.

आणि आता माझी पाळी. म्हणजे ती थांबल्यानंतरची. गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या वर्गात मी राम शब्द चालवत होते. राम, बाई. जगात जो शब्द मी आईनंतर शिकले असेन तो. तृतीयेपर्यंत आले आणि पुढे भिंत. चाळीस मुलं वाट पाहतायत आणि माझ्या डोक्यात चतुर्थी नाही, पंचमी नाही, सगळा पक्षच कोरा. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हळूच सांगितलं. तिचा आवाज इतका हळुवार होता की मला आईची आठवी आठवली. त्या आठवड्यात राजीनामा लिहिला. झोप दीड वर्षापासून नाही. पंखा पाचवर, तरी मी उशी उलटी करत असते. आमचे हे म्हणतात, “एसी लावून घेऊ या का?” भला माणूस आहे, निदान तंत्रज्ञानाचा उपाय तरी जाणतो.

तर मंगळवारी ती मुलगी आली तेव्हा हे समोर पेपर वाचत होते. वाचत म्हणजे, वीस मिनिटांत त्यांनी पान उलटलं नाही. खिडकीपाशी आई होती, आता सत्त्याहत्तरची, आमच्याकडेच असते. मुलगी गोड होती, प्रश्न चांगले होते, मराठी माझ्यापेक्षा बरं होतं. फक्त तिने चहा घेतला नाही आणि ती सोफ्यावरून उठली नाही. अंगातून वाफा? नाही. झोप? ठीक आहे. बोलता बोलता शब्द आठवेनासा होतो? मी म्हटलं, “छे गं, मी संस्कृत शिकवते.” पेपर किंचित हलला. शेवटी तिने विचारलं, “मॅम, हाइट?” मी म्हटलं, “पाच फूट तीन.” त्यावर खिडकीतून आई म्हणाली, “मोजून घे गं तिची. आत नेऊन मोज.” मुलगी गोंधळली. “आजी, सांगितली तरी चालते.” मी म्हटलं, असू दे, हिला उशीर होतोय. मुलीने मला तिचा नंबर दिला, काही बदलायचं वाटलं तर कळवा म्हणाली, आणि गेली.

आई उठली. भिंतीला धरत धरत माझ्या खोलीत गेली आणि कोश घेऊन आली. तो आता तिला दोन्ही हातांनीही जेमतेमच पेलतो. “चल आत,” ती म्हणाली. “कुकर लावायचाय मला,” मी म्हटलं. “कुकरच्या शेजारीच मोजते.” पंचवीस वर्षांपूर्वीचं माझं वाक्य तिने मला जसंच्या तसं परत केलं. विसराळू झाले म्हणणाऱ्या बायकांची स्मृती ही अशी असते. मला चौकटीला उभं केलं, टाचा टेकवून कोश डोक्यावर ठेवला आणि विचारलं. मी सांगितलं. वाफा, झोप, राम, सगळं. राजीनामा पर्समध्ये आहे हेही. तिने खूण केली, हात पुढे केला आणि म्हणाली, “आण इकडे. तीन महिने.” मी आणून दिला. तो आता पोह्यांच्या डब्याखाली आहे. घर बदललं, डबा तोच आहे. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. आई बरोबर येणार आहे. मी नीट उत्तरं देते की नाही हे पाहायला, असं ती म्हणते.

त्या मुलीला अजून फोन केलेला नाही. नंबर समोर ठेवलाय आणि आधी तुम्हाला लिहीत बसलेय, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही आता पुढचा प्रश्न विचारत नाही. हे पत्र संपलं की कोशात ठेवीन, आणि मग तिला लावीन. तिला सांगायची उत्तरं तयार आहेत. उंची पाच फूट सव्वा इंच भरली. म्हणजे पावणेदोन इंच झिजले का, हे गुरुवारी डॉक्टर विचारतील, आणि आधीचं माप आहे का, हेही विचारतील. आहे, बाई. तुमच्या सर्व्हेच्या रजिस्टरात, पहिल्या पानावर. पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं, “आधी एकमेकींची मोजा आणि आपापली लिहा.” मी लिहिली होती, पाच फूट तीन इंच. आईची उंची तुम्ही पकडलीत. माझी तुमच्या नजरेतून सुटली. आईची दुरुस्त करून आणली त्या दिवशी माझीही करता आली असती. रजिस्टर समोरच होतं, भिंत होती, पिशवीत कोश होता. मी पान उलटलं.

ती उंची माझ्या मावशीने टिपणात लिहिली होती. मला कुणी कधी मोजलंच नव्हतं.